खानेसुमारीपासून कुटुंब-आरोग्य पाहणीपर्यंत

‘खानेसुमारी’ हा शब्द आता जुन्या माणसांच्याच तोंडी उरला आहे. ‘खाना’ म्हणजे घर आणि ‘शुमारी’ म्हणजे गणना. फारसीतून तो मराठी दप्तरात आला आणि तेथे चांगला रुजला. पेशवाईच्या कागदपत्रांत पेठांची खानेसुमारी आढळते. राज्य दारात येऊन घर मोजू लागले म्हणजे त्यामागून काही तरी देणे अंगावर येणार, ही रयतेची समजूत होती, आणि ती सर्वस्वी चुकीची होती असे म्हणवत नाही. पुढे इंग्रजी अमदानीत १८७२ साली शिरगणतीस आरंभ झाला व १८८१ साली बहुतेक सर्व देशाची गणती एकाच वेळी करण्यात आली. तेव्हाही तोच संशय दारोदार उभा होता. माणसे मोजून सरकार काय करणार? नवी पट्टी बसवणार, की तरण्याताठ्यांना पलटणीत नेणार? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर देता येणे ही घरोघरच्या पाहणीची पहिली पायरी होय. आणि ती चढावयास या देशाला फार काळ लागला.

शिरगणतीने देशात माणसे किती ते कळते. ती कशी जगतात, घरोघर लेकरे किती जन्मतात, त्यांतील किती वर्षाच्या आत जातात, बाळंतीण कोणाच्या हाती असते, हे तिच्यातून कळत नाही. त्यासाठी जन्ममृत्यूची नोंद हवी. ती नोंद नव्हती असे नाही. मुंबई इलाख्यात गावचा पोलीस पाटील ती ठेवी. मध्यप्रांत-वऱ्हाडात ते काम कोतवालाकडे असे. ‘कोतवाल बुक’ हा शब्द विदर्भात आजही कानी पडतो, कारण जातीच्या दाखल्यासाठी त्या जुन्या वहीची नक्कल काढावी लागते. परंतु मूल जन्मले आणि चार दिवसांत गेले, तर त्याचा जन्म व मृत्यू ही दोन्ही पुष्कळदा नोंदीवाचून राहात. मृत्यूचे कारण लिहिण्याचे काम ज्याच्या माथी, त्याला वैद्यक कोठून येणार? देवी आणि पटकी त्याला ओळखू येत. उरलेले बहुतेक मृत्यू ‘ताप’ या एकाच रकान्यात जाऊन पडत. सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली १९४३ साली नेमलेल्या आरोग्य समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. त्यात १९३७ सालचे ब्रिटिश हिंदुस्थानातील बालमृत्यूचे प्रमाण दर हजार जन्मांमागे १६२ असे दिले आहे. हजारात एकशे बासष्ट, आणि तेही अपुऱ्या दप्तरावरून काढलेले!

युरोपात ही उणीव काही अंशी धर्मग्रामांच्या वह्यांनी भरून काढली होती. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ साली बाप्तिस्मा व विवाह यांची वही ठेवण्याचा दंडक घातला. दफनाची वही पुढे आली. फ्रान्समध्ये लुई आन्री या अभ्यासकाने १९५० च्या दशकात अशाच वह्यांवरून गावोगावच्या कुटुंबांच्या पिढ्या जुळवून दाखविल्या. गोव्यात व वसईच्या पट्टीत चर्चच्या दप्तरांत असा मजकूर पुष्कळ आहे. पण वही ज्या धर्मग्रामाची, त्याच्यापुरतीच ती बोलते. शेजारच्या वाडीतील कोळ्याचे किंवा कुळवाड्याचे मूल तिला ठाऊक नसते.

मग उपाय काय? घरोघर जाऊन विचारणे हाच. पण कोट्यवधी घरांत कोणी जावे? येथे ‘शितावरून भाताची परीक्षा’ ही आपल्या घरातील म्हण उपयोगी पडते. फ्रान्सच्या लाप्लास या गणितज्ञाने १८०२ साली काही निवडक गावांतील लोकसंख्या व तेथील जन्मसंख्या यांचे गुणोत्तर काढून त्यावरून सबंध फ्रान्सची लोकसंख्या अनुमानिली होती. १८९५ साली नॉर्वेच्या किएर यांनी बर्न येथील सांख्यिकांच्या सभेत नमुन्याच्या पद्धतीचा पुरस्कार केला, तेव्हा भल्याभल्यांनी नापसंती दर्शविली. त्यांची हरकत अगदीच पोकळ नव्हती. भाताचे भांडे एका आचेवर शिजते. म्हणून वरचे शीत शिजले तर खालचेही शिजले असे गृहिणी मानते. देशाचे तसे नसते. त्यात कोठे करपलेले असते, कोठे कच्चे राहिलेले असते. तेव्हा शीत कोठून उचलावयाचे याचेच एक शास्त्र बनवावे लागले.

ते शास्त्र भारतात आणण्याचे श्रेय प्रशांतचंद्र महालनोबिस यांचे. कलकत्त्याची भारतीय सांख्यिकी संस्था १९३१ साली निघाली. १९३७ पासून त्यांनी बंगालमधील तागाच्या पिकाची नमुना पाहणी हाती घेतली. एकाच प्रदेशात दोन स्वतंत्र तुकड्या पाठवावयाच्या, दोघींचे नमुने वेगळे ठेवावयाचे, आणि आकडे जुळतात की नाही ते पाहावयाचे, ही त्यांची युक्ती प्रसिद्ध आहे. पाहणी करणाऱ्यावर अविश्वास दाखवून नव्हे, तर त्याची चूक मोजून विश्वास मिळवावयाचा, हा त्यातला विशेष. तागावरून हे काम माणसांवर आले ते एका भीषण प्रसंगाने. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानंतर खेड्यांतील कुटुंबांची काय दैना झाली याची नमुना पाहणी महालनोबिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. कोणी जमीन विकली, कोणी भीक मागू लागले, कोणत्या घरात कोण उरले, हे त्या पाहणीने नोंदविले.

स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये राष्ट्रीय उत्पन्न समिती नेमली गेली. महालनोबिस अध्यक्ष, आणि सभासद दोन. त्यांत एक पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. आकड्यांवाचून उत्पन्न मोजणार कसे, या अडचणीतून १९५० साली राष्ट्रीय नमुना पाहणीचा जन्म झाला. पहिल्या फेरीसाठी १८३३ गावे निवडली गेली, आणि त्या फेरीच्या कामात गोखले संस्थेचाही वाटा होता.

पुण्याचे नाव या इतिहासात आणखी एका कारणासाठी घ्यावयास हवे. वि. म. दांडेकर आणि कुमुदिनी दांडेकर या दांपत्याने पुणे जिल्ह्यातील जनन व मृत्यू यांच्या पाहणीचा ग्रंथ १९५३ साली गोखले संस्थेतर्फे प्रसिद्ध केला. त्याच सुमारास, १९५१-५२ मध्ये, संयुक्त राष्ट्रसंघ व भारत सरकार यांनी मिळून बंगळूर शहरात व मैसूरच्या खेड्यापाड्यांत लोकसंख्येची पाहणी चालविली होती. तिचा अहवाल १९६१ साली बाहेर पडला. अपत्ये किती, मध्यंतर किती, आणखी हवी की नको, असे प्रश्न परक्या माणसाने घरातील बाईला विचारावेत ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ साली संततिनियमनाचे केंद्र उघडले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालविले, त्यापायी त्यांना काय सोसावे लागले हे महाराष्ट्र जाणतो. त्यांच्या मताशी सहमत नसणाऱ्यांनाही एवढे कबूल करावे लागेल, की घरात कुजबुजत बोलावयाची गोष्ट त्यांनी छापून चव्हाट्यावर आणली, आणि मागाहून आलेल्या पाहणीवाल्यांची वाट थोडी मोकळी झाली.

पण विचारणाऱ्याच्या मनात काय आहे, हे विचारण्याच्या शब्दांतून उमटल्याशिवाय राहात नाही. १९५१ च्या जनगणनेचे प्रमुख आर. ए. गोपालस्वामी यांनी आपल्या अहवालात एक संज्ञा वापरली. तीन किंवा अधिक मुले झालेल्या स्त्रीचे पुढचे बाळंतपण म्हणजे अविचारी मातृत्व, असा तिचा आशय. अविचार तेवढा मातेचा! पहिली तीन लेकरे मागे राहतील याची ज्या देशात शाश्वती नव्हती, तेथे चौथे मूल हा अविचार की विचार, हे त्या मातेला कोणी विचारले नव्हते. पुढील चाळीस वर्षांचा या पाहण्यांचा इतिहास म्हणजे तिला तो प्रश्न विचारण्यापर्यंतची वाटचाल होय.

या वाटेवरचा एक मुक्काम पंजाबात आहे. हार्वर्ड विद्यापीठाच्या अभ्यासकांनी १९५० च्या दशकात लुधियाना जिल्ह्यातील खन्ना या गावाच्या परिसरात मोठा प्रयोग केला. घरोघर नेमाने भेटी द्यावयाच्या, जन्म-मृत्यू-आजार टिपावयाचे आणि संततिनियमनासाठी फेसाच्या गोळ्या वाटावयाच्या. लोकांनी गोळ्या घेतल्या. वापरता का असे विचारले तर पुष्कळांनी होकार दिला. जन्माचे प्रमाण मात्र त्यामुळे हलले नाही. पुढे महमूद ममदानी यांनी त्या भागातील एका गावी जाऊन चौकशी केली व १९७२ साली पुस्तक लिहिले. त्यांना गावकऱ्यांनी सरळ सांगितले, की एवढी भली माणसे पुन्हा पुन्हा दारात येतात, त्यांना नाही कसे म्हणावयाचे? एका गृहस्थाने तर गोळ्यांच्या डब्या एकावर एक रचून त्याची शोभेची वस्तू केली होती. शेतावर राबावयास हात हवेत, म्हातारपणी आधार हवा, हे त्यांचे खरे उत्तर होते. पण प्रश्नपत्रिकेत त्यासाठी रकाना नव्हता. पाहणीत खोटे बोलणाऱ्यापेक्षा सौजन्याने होकार देणारा अधिक घातक ठरतो, कारण त्याचा संशय येत नाही.

मुंबईत चेंबूरला १९५६ साली लोकसंख्याशास्त्राचे शिक्षण व संशोधन करणारे केंद्र निघाले. सर दोराबजी टाटा न्यास, भारत सरकार व संयुक्त राष्ट्रसंघ यांचे ते संयुक्त अपत्य. १९७० मध्ये त्याला आंतरराष्ट्रीय संस्थेचे नाव मिळाले आणि १९८५ मध्ये आजचे, आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था, हे. देवनारच्या या संस्थेचा उल्लेख पुढे पुन्हा येईल. मध्यंतरीच्या काळात देशव्यापी पाहणीचे काम बडोद्याने उचलले. विक्रम साराभाई यांनी तेथे उभारलेल्या ऑपरेशन्स रिसर्च ग्रूप या संस्थेने १९७०, १९८० व १९८८-८९ अशा तीन वेळा कुटुंबनियोजनाच्या अखिल भारतीय पाहण्या केल्या.

यांतील पहिल्या दोन पाहण्यांच्या मध्ये आणीबाणी येऊन गेली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लक्षांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतील किती स्वखुशीने झाल्या याची चर्चा न संपणारी आहे. शिक्षक, तलाठी, ग्रामसेवक या सर्वांना आकडे भरून देण्याची सक्ती झाली. वही-पेन्सिल घेऊन दारात उभा असलेला माणूस दिसताच पुरुषांनी शेताकडे पळ काढावा, अशी अवस्था उत्तरेकडील पुष्कळ गावांत झाली. खानेसुमारीच्या काळचा जुना संशय शंभर वर्षांनी खरा ठरला होता. १९७७ साली सत्तांतर झाले आणि खात्याच्या नावातील ‘नियोजन’ जाऊन ‘कल्याण’ आले. नाव बदलल्याने विश्वास परत येत नाही; तरी ‘कुटुंबात किती’ या प्रश्नाऐवजी ‘कुटुंब कसे’ हा प्रश्न पुढे येण्यास तेथूनच प्रारंभ झाला असे म्हणता येईल.

जगभर त्या वेळी जागतिक जनन पाहणी चालली होती. १९७२ ते १९८४ या काळात चाळीसाहून अधिक विकसनशील देश तीत सामील झाले. भारत झाला नाही. अखेर १९९२-९३ मध्ये आपली पहिली राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य पाहणी झाली. सूत्रे देवनारच्या संस्थेकडे, पैसा बव्हंशी अमेरिकेच्या मदतीचा, आणि क्षेत्रकामासाठी निरनिराळ्या राज्यांतील लोकसंख्या संशोधन केंद्रे व सल्लागार संस्था. २४ राज्ये व दिल्ली मिळून ८८,५६२ घरे आणि ८९,७७७ विवाहित स्त्रिया. एका स्त्रीला सरासरी ३.४ मुले, आणि वर्षाच्या आत दगावणारी बालके हजारी ७९ च्या आसपास, असे निष्कर्ष निघाले. राज्याराज्यांतील अंतर त्याहून बोलके होते. गोव्यात हे जननप्रमाण १.९ इतके, म्हणजे केरळच्याही खाली आढळले. उत्तर प्रदेशात ते ४.८ होते. एकाच देशाच्या एकाच वर्षातील ही दोन घरे!

अशी पाहणी प्रत्यक्षात कशी चालते हे पाहण्यासारखे आहे. आधी गावांची निवड होते. मोठ्या गावाला निवडीची संधी लोकसंख्येच्या प्रमाणात अधिक. निवडलेल्या गावी पहिली तुकडी जाते ती प्रश्न विचारण्यास नव्हे. ती गावाचा नकाशा काढते, एकूण एक घराची यादी करते, दारावर क्रमांक घालते. ही यादी कार्यालयात जाते आणि तेथे ठराविक अंतराने घरे निवडली जातात. चौथ्या व पाचव्या फेरीत दर गावी अशी २२ घरे घेतली गेली. मग दुसरी तुकडी येते. पाचव्या फेरीत तिच्यात एक पर्यवेक्षक, तीन स्त्री-मुलाखतकार, एक पुरुष-मुलाखतकार, दोन आरोग्य-तपासनीस आणि गाडीचालक असत.

गावात पाऊल टाकताच पहिली कसोटी लागते. सरपंच किंवा एखादे भले गृहस्थ म्हणतात, “बाई, उन्हातान्हाच्या त्या टोकाच्या वस्तीवर कशाला जाता? आमच्या वाड्यात बसा, चहा घ्या, बायका येथेच बोलावतो.” सूचना आतिथ्याचीच असते. पण ती मानली तर वाड्याभोवतालचीच उत्तरे मिळतील, आणि यादीत आलेले टोकाचे घर, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप, ते राहून जाईल. निवडलेल्या घराला कुलूप असेल तर शेजारचे घर घेता येत नाही; पुन्हा पुन्हा त्याच दारी यावे लागते. हा नियम कित्येकांना हट्टाचा वाटतो. तथापि दिवसा कुलूप कोणाच्या घराला असते? रोजावर गेलेल्या बाईच्या. तिला वगळून उंबऱ्याशी बसलेलीलाच विचारीत गेले, तर देशातल्या सर्व स्त्रिया घरीच असतात असे चित्र निघावयाचे.

सर्वांत नाजूक भाग म्हणजे अपत्यांची हकीकत. ‘किती मुले झाली?’ असा सरळ प्रश्न विचारला तर बाई हयात असलेल्या मुलांचीच संख्या सांगते. पुष्कळदा मुलगेच मोजते. म्हणून प्रश्न उलगडून विचारतात. तुमच्याजवळ राहणारे मुलगे किती, मुली किती? दूर राहणारे किती? लग्न होऊन गेलेल्या मुलीही त्यात येतात. आणि मग: जन्मल्यावर रडले, हालले, पण जगले नाही, असे एखादे मूल होते काय? या प्रश्नापाशी पुष्कळ मुलाखती थांबतात. जिचे नाव ठेवण्यापूर्वीच माती झाली, जिचा उच्चार घरात वर्षानुवर्षे कोणी केला नाही, त्या मुलीची नोंद येथे प्रथमच होते. हजारी ७९, हजारी ६८, हजारी ५७ हे जे आकडे पुढे मंत्रालयांत फिरतात, ते या एका प्रश्नाच्या उत्तरांतून उभे राहिलेले असतात. प्रश्न घाईने विचारला, किंवा सासूबाई शेजारी बसल्या असताना विचारला, तर मृत बालक पुन्हा एकदा नोंदीवाचून राहते आणि देशाचे आरोग्य कागदावर सुधारते.

तारखांची तऱ्हा निराळीच. शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रीला स्वतःचे वय विचारले तर पंचवीस, तीस, पस्तीस अशी ठोकळ उत्तरे येतात. म्हणून स्थानिक घटनांचे कोष्टक जवळ ठेवण्याची रीत पडली. पानशेतचे धरण फुटले ते १९६१, कोयनेचा भूकंप १९६७, मोठा दुष्काळ १९७२, किल्लारीचा भूकंप १९९३. “भूकंपाच्या वेळी मूल पाळण्यात होते की रांगत होते?” असे विचारीत विचारीत साल गाठावयाचे. विचारणारीचीही एक खोड अभ्यासकांच्या नजरेस आली आहे. गेल्या पाच वर्षांत जन्मलेल्या मुलांसंबंधी लस, दूध, जुलाब, वजन यांची लांबलचक प्रश्नावली भरावी लागते. तेव्हा दिवस कलता कलता साडेचार वर्षांचे मूल नकळत सव्वापाच वर्षांचे होते, आणि दोन पाने वाचतात! जगभरच्या अशा पाहण्यांत हा दोष आढळतो. प्रश्नपत्रिका जाड करीत जाणाऱ्या तज्ज्ञांनी याचा विचार अवश्य करावा.

१९९८-९९ च्या दुसऱ्या फेरीत प्रश्नांना मोजमापाची अधिक जोड मिळाली. स्त्रियांची व बालकांची उंची-वजने घेतली, बोटातून रक्ताचा थेंब काढून हिमोग्लोबिन पाहिले, घरातील मिठात आयोडीन आहे की नाही तेही तपासले. २००५-०६ च्या तिसऱ्या फेरीत अविवाहित स्त्रिया आल्या, पुरुषही आले, आणि एड्सच्या विषाणूची चाचणी झाली. या चाचणीचा परिणाम दूरगामी होता. तोपर्यंत देशात पन्नास लाखांहून अधिक लोकांना हा संसर्ग असल्याचा अंदाज होता. तो मुख्यत्वे दवाखान्यांत येणाऱ्यांच्या चाचण्यांवर बेतलेला. घरोघरच्या रक्ताने १५ ते ४९ वयोगटात प्रमाण शेकडा ०.२८ एवढेच दाखविले, आणि २००७ साली देशाचा अंदाज सुमारे पंचवीस लाखांवर आणण्यात आला.

घरातील मारझोडीचे प्रश्नही याच काळात विस्ताराने आले. त्यांचा नियम कडक आहे. घरातील एकाच स्त्रीला हे प्रश्न विचारावयाचे, एकांत असेल तरच विचारावयाचे, आणि कोणी आत आले की विषय बदलावयाचा. पाचव्या फेरीत १८ ते ४९ वयाच्या विवाहितांपैकी शेकडा २९ जणींनी पतीच्या हातून असा अनुभव आल्याचे सांगितले. ज्या घरात एकांत मिळालाच नाही, तेथील स्त्रिया या हिशेबाबाहेर आहेत.

चौथी फेरी २०१५-१६ मध्ये झाली तेव्हा वहीची जागा छोट्या संगणकाने घेतली होती आणि घरांची संख्या सहा लाखांवर गेली होती, कारण आता जिल्हावार आकडे हवे होते. पाचवी फेरी जून २०१९ मध्ये सुरू झाली. मार्च २०२० च्या टाळेबंदीत ती थांबली आणि उरलेल्या राज्यांतील काम एप्रिल २०२१ अखेर संपले. ६,३६,६९९ घरे, ७,२४,११५ स्त्रिया. जननप्रमाण २.० वर, बालमृत्यूचे हजारी ३५ वर. दवाखान्यात होणारी बाळंतपणे पहिल्या फेरीत शेकडा २६ होती, ती ८९ झाली. वयाच्या अठराव्या वर्षापूर्वी लग्न झालेल्या तरुण स्त्रियांचे प्रमाण तिसऱ्या फेरीत शेकडा ४७ होते, ते २३ वर आले. याउलट पाच वर्षांखालील बालकांतील रक्तक्षय चौथ्या व पाचव्या फेरींच्या दरम्यान शेकडा ५९ वरून ६७ वर चढला. बोटातील थेंबाने हिमोग्लोबिन नीट कळते काय, शिरेतून रक्त घ्यावयास नको काय, असा वाद त्यावर माजला, आणि सहाव्या फेरीतून ही चाचणीच वगळण्याचा निर्णय झाला. मापाविषयी शंका असेल तर माप सुधारावे हे योग्यच. पण मधल्या काळात जुन्या मापाशी तुलना करण्याची सोय गेली, ही हानी लहान नव्हे.

पाचव्या फेरीचा आणखी एक आकडा २०२१ च्या नोव्हेंबरात वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर झळकला. हजार पुरुषांमागे १०२० स्त्रिया! देशात स्त्रिया प्रथमच पुरुषांहून अधिक झाल्या, म्हणून पुष्कळांनी आनंद व्यक्त केला. पाहणीत आदल्या रात्री त्या घरात झोपलेली माणसे मोजली जातात. पोटासाठी परगावी कारखान्यात, बांधकामावर, पलटणीत असलेले पुरुष घरात झोपलेले नसतात, आणि वसतिगृहे वा बराकी पाहणीत येत नाहीत. जन्माच्या वेळचे प्रमाण त्याच अहवालात शेजारी छापले होते: हजार मुलग्यांमागे ९२९ मुली. ती ओळ पुढे असूनही फारशी कोणी वाचली नाही. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नसल्याने हा आकडा ताडून पाहण्यास दुसरे साधनही हाताशी नव्हते.

चौथ्या फेरीत प्रथमच गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियेविषयी सविस्तर विचारण्यात आले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत देशभर हे प्रमाण शेकडा ३.२ निघाले, आंध्र व तेलंगणात ते सर्वांत अधिक होते. महाराष्ट्रात २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी कामगार स्त्रियांच्या अशा शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला आणि शासनाने चौकशीसाठी समिती नेमली. पाळी चुकवावयाची, खाडा टाळावयाचा, कोयत्याची उचल फेडावयाची, ही त्यामागची कारणे तेव्हा उघड झाली. या स्त्रिया दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर घर सोडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडी परततात. मधले महिने साखर कारखान्याच्या आवारात पाचटाच्या कोपीत जातात. कोपीचे नाव घरांच्या यादीत सुटण्याचा संभव असतो. आणि गावातले त्यांचे घर यादीत आले, निवडीतही आले, तरी पाहणीची तुकडी पौष-माघात तेथे पोहोचली, तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जाऊनही तिला दाराला कुलूपच दिसते. घर बंद असल्याची नोंद करून ती यादीतल्या पुढच्या घराकडे जाते.